लेफ्टनंटचा आवाज

बाई पुस्तक आधी वाचून येत नसत, आणि या गोष्टीचा त्यांना भारी तोरा होता. पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायच्या कामात हे अगदीच जगावेगळं. बाकीचे वाचक पुस्तक घरी नेत, दोनदा वाचून काढत, पात्रागणिक रंगीत खुणा करत, कोणाला घोगरा आवाज द्यायचा आणि कोणाला चिरका हे ठरवून मगच काचेच्या खोलीत शिरत. बाई चपला बाहेर काढत, हातातलं खळखळणारं सगळं पर्समध्ये टाकत, आणि पहिलं पान उघडून थेट सुरू. "पुढे काय होणार ते मला कळलं, की माझ्या आवाजालाही कळतं," असं त्या म्हणत, "आणि आवाजाच्या पोटात काही राहत नाही." स्टुडिओतल्या पंख्यालासुद्धा हे वाक्य पाठ झालं असेल.

काचेपलीकडे बसणाऱ्या ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणत. बाईंना भूक लागल्याचं बाईंच्या आधी त्याला कळायचं, कारण पोटातली गुरगुर त्याच्या यंत्रावर उमटायची. तो पुस्तकं आधी वाचत असे. कोणीतरी वाचायलाच हवीत ना! अवघड नावं कशी उच्चारायची, हे तो कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून बाईंसमोर ठेवायचा. बाकी कथानकाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असा त्यांचा करार होता.

आता बाईंची दुसरी एक गोष्ट, जी कानसेनलाही ठाऊक नव्हती. बाई आवाज बनवत नसत, त्या आवाज उचलत. गोष्टीतल्या तिरसट म्हाताऱ्याला त्या आपल्या थोरल्या दिरांचा आवाज देत. डॉक्टर आला की त्यांच्या दातांच्या डॉक्टरांचा, सगळं कळल्यासारखा. चुगलखोर बाईला शेजारणीचा. शेजारीण त्या कादंबऱ्या आवडीने ऐकायची आणि म्हणायची, "काय हो हुबेहूब काढता! असल्या बायका असतात खऱ्या." बाई मान डोलावत आणि हसू गिळत.

तर झालं असं, की त्यांच्याकडे एक युद्धाची कादंबरी आली. जाडजूड, कुठल्यातरी जुन्या लढाईवरची. दुसऱ्याच प्रकरणात एक तरुण लेफ्टनंट अंधाऱ्या खोलीत येतो आणि विचारतो, "माचिस आहे का कोणाकडेऽ?" एवढंच. बाईंना वाटलं, हे पात्र आलं आणि गेलं. विचार करायला वेळ नव्हता, गणवेशातला पोरगा म्हटल्यावर तोंडात जो आवाज आला तो त्यांनी देऊन टाकला. तो आवाज त्यांच्या मुलाचा होता.

मुलाला घरात ढब्बू म्हणत. लहानपणी तो तसाच होता, आणि पुढे सैन्यात जाऊन चांगला उंच, सडपातळ झाला तरी नाव काही झडलं नाही. ढब्बू काही महत्त्वाचं बोलायच्या आधी नाकातल्या नाकात हसायचा आणि वाक्याचा शेवट लांबवायचा, समोरच्याची परवानगी मागितल्यासारखा. "आई, मी निघतोऽ." कानसेनने काचेपलीकडून अंगठा वर केला. या आवाजात जीव आहे, असं तो नंतर म्हणाला. बाई खूश झाल्या. तेव्हा ढब्बू एका शांत ठाण्यावर होता, रोज संध्याकाळी फोन करायचा आणि जेवणाबद्दल कुरकुर करायचा.

पण तो लेफ्टनंट काही गेला नाही. तिसऱ्या प्रकरणात आला, चौथ्यात आला, आणि पाचव्यात तर कादंबरीच त्याच्या खांद्यावर जाऊन बसली. बाईंना वाचताना मजा येत होती. पोरगा बूट शोधतोय, पोरगा बायकोला पत्र लिहायला बसतोय आणि दोन ओळींत अडकतोय. घरी नसलेला लेक असा रोज दुपारी तोंडातून बोलून जायचा.

मग खरं युद्ध सुरू झालं.

त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एके सकाळी बातम्यांतली माणसं ओरडायला लागली आणि संध्याकाळी ढब्बूचा फोन आला, की आम्ही पुढे सरकतोय, आता फोन बंद राहतील, काळजी करू नका. नाकातल्या नाकात हसला. त्यानंतर फोन मुका झाला. घरात दोघीच, बाई आणि सून. टीव्ही चालू ठेवायचा पण आवाज बंद, असा एक न बोलता ठरलेला नियम झाला. दोघी जेवायला बसत आणि एकमेकींच्या ताटाकडे बघत.

बाई कामावर जात राहिल्या. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा ते बरं, असं त्यांना वाटलं होतं. पण पहिल्याच दिवशी काचेच्या खोलीत, लेफ्टनंटच्या वाक्याआधीचं ते नाकातलं हसू काढताना त्या अडखळल्या. आजवर त्या आवाज उचलत होत्या, तो एक चावटपणा होता. आता त्यांना वाटलं, आपण काहीतरी भलतंच करून बसलोय. आपण ढब्बूला हाताला धरून या पुस्तकात आणून ठेवलंय, आणि या पुस्तकात लढाई आहे. हा शुद्ध वेडेपणा आहे हे त्यांना कळत होतं. पण कळून काय उपयोग? भीतीला कुठे अक्कल असते!

आणि त्यातून कानसेन बिघडला. एरवी बाईंनी एक शब्द गिळला तर डोळे वटारणारा हा माणूस एकाएकी गोड बोलायला लागला. तोंड कोरडं पडून चटचट आवाज येऊ नये म्हणून बाई हिरव्या सफरचंदाची फोड चघळत. आता कानसेन स्वतः सफरचंद चिरून आणू लागला. प्रकरण संपायच्या आतच "बाई, आज इथेच थांबूया, तुम्ही दमलात," म्हणू लागला. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा पुस्तक पुरतं वाचून बसलाय. याला पुढचं माहीत आहे.

"काय रे," त्यांनी एकदा विचारलं, "तुझी बायको माहेरी गेली की काय? इतका मऊ का झालायस?"

"काही नाही हो बाई. सफरचंदं स्वस्त झालीत."

खोटं बोलता येत नसेल तर माणसाने बोलू नये. कानसेनचे कान लाल झाले होते. बाईंनी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि त्याच गोष्टीने त्यांची पाचावर धारण बसली होती.

मग ते पान आलं. लेफ्टनंटची तुकडी एका शाळेच्या इमारतीत अडकलेली. समोर नदी, नदीवर पूल, आणि पुलावर पाठवलेल्या माणसांचा पत्ता नाही. लेफ्टनंट बाकावरून उठतो, टोपी घालतो, दाराशी जातो आणि वळून म्हणतो, "तुम्ही थांबा. मी पुढे जाऊन बघतोऽ."

बाईंनी वाक्य चोख म्हटलं आणि पान उलटलं. उलटलं, पण नजर वर नेली नाही. नवं पान पांढरं, गच्च भरलेलं, डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसत होतं. त्यातला एकही शब्द वाचू नये म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यांच्या कामाची पद्धत अशी होती. वाचक अडखळला की कानसेन आधीचं वाक्य त्याच्या कानात पुन्हा वाजवायचा, आणि ते संपताक्षणी वाचकाने पुढचं उचलायचं, म्हणजे जोड कळत नाही. बाई गप्प झालेल्या पाहून त्याने सवयीने बटण दाबलं. बाईंच्या कानात ढब्बू हसला आणि म्हणाला, "तुम्ही थांबा. मी पुढे जाऊन बघतोऽ." नंतर शांतता. ही शांतता बाईंनी भरायची होती. बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. कानसेनने पुन्हा वाजवलं. "मी पुढे जाऊन बघतोऽ." आणि पुन्हा ती शांतता. सगळ्या भिंतींना जाड स्पंज लावलेल्या त्या खोलीत बाहेरचा आवाज आत येत नसे, आतला बाहेर जात नसे. स्वतःच्या छातीत चाललेली धडधड बाईंना कानातल्या यंत्रातून ऐकू येत होती. तिसऱ्यांदा वाजायच्या आत त्यांनी ते यंत्र ओढून काढलं आणि मेजावर टाकलं.

"बाई?" कानसेन दार उघडून आत आला. "पाणी आणू?"

"नको. घरी जाते."

घरी जाताना त्यांना रस्ता दिसला नाही. दार उघडून आत आल्या, तर सून खाटेवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. कानांत गाणी ऐकायच्या त्या चिमुकल्या बिया. सासू आली हे तिला कळलं नाही. ती हसत होती. फोन बंद झाल्यापासून या पोरीच्या चेहऱ्यावर हसू बाईंनी पाहिलं नव्हतं, म्हणून त्या दारातच थबकल्या. सुनेचं लक्ष गेलं तशी ती दचकली. एक बी कानातून निसटून कपड्यांवर पडली. बाईंनी ती उचलून द्यायला घेतली आणि हाताशी आलेली वस्तू कानाशी नेली. आतून ढब्बू विचारत होता, "माचिस आहे का कोणाकडेऽ?"

बाई खाटेच्या कडेवर बसल्या.

"मला पहिल्या वाक्यालाच कळलं," सून म्हणाली. ती अपराध्यासारखी घडी मोडत होती आणि पुन्हा घालत होती. "दर आठवड्याला नवा भाग येतो ना, पहिल्या भागापासून ऐकतेय. तुम्हाला कसं सांगू कळेना. रागावू नका आई. मला त्याचा आवाज आठवेनासा झाला होता. म्हणजे तो काय बोलायचा ते आठवतं, पण आवाज येत नाही. मग हे लावते."

"रागावू कशाला?" बाई म्हणाल्या.

"पुढचा भाग कधी येणार?"

"मी सोडतेय ते पुस्तक," त्या म्हणाल्या. त्या क्षणापर्यंत त्यांनी ते ठरवलंही नव्हतं.

"का?"

"तो पुलाकडे निघालाय."

सुनेचे हात थांबले. तिने घडी केलेला सदरा पोटाशी धरला. तो ढब्बूचा होता हे दोघींच्या लक्षात आलं, आणि दोघींनी तसं दाखवलं नाही. "जगतो ना पण तो? शेवटी?"

"मला माहीत नाही. मी पुढचं वाचत नाही, तुला माहितीये."

"मग सोडला तर... तो तिथेच उभा राहणार?"

"हो," बाई म्हणाल्या. "दारात उभा आहे, टोपी घालून. राहू दे तसाच. उभा आहे तोवर मला घास तरी गिळता येईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कानसेनला सांगितलं. त्याने हुज्जत घातली नाही, डोकं खाजवलं. "एक करता येईल," तो म्हणाला. "आवाजच बदला ना. लेफ्टनंटला दुसरा कोणाचातरी द्या. मागची त्याची सगळी वाक्यं आपण नव्याने भरू, मी जुनी पुसून टाकतो. मग पुढे काय व्हायचं ते होऊ दे, त्याला तुमचा... म्हणजे, तो कोणी परकाच असेल."

म्हणजे हा आवाज कोणाचा, ते या माणसाला कधीचंच कळलं होतं. कानसेन नावाला जागला होता तो.

बाईंना ते पटलं. त्या आत जाऊन बसल्या. लेफ्टनंटला त्यांनी बँकेतल्या कारकुनाचा आवाज द्यायचं ठरवलं, तुटक आणि सर्दी झालेला. कानसेनने दुसरं प्रकरण लावलं. आधीचं वाक्य कानात वाजलं, बाईंनी श्वास घेतला आणि म्हटलं, "माचिस आहे का कोणाकडे." ठीक जमलं. काचेपलीकडे पडद्यावर ढब्बूचं वाक्य एका लहानशा निळ्या रेषेसारखं दिसत होतं. कानसेनने ती रेष उचलली, बाजूला घेतली, आणि पुसायला बोट पुढे केलं.

"पुसू नकोस!" बाई इतक्या जोरात किंचाळल्या, की पलीकडे कानसेनने कानांवरचं यंत्र भिरकावलं. बाई उठून काचेवर दोन्ही हात आपटत होत्या. "हात लावू नकोस त्याला! पुसू नकोस!"

"नाही पुसत, बाई. नाही पुसत. हे बघा, हात वर केले."

बाई तिथेच उभ्या राहिल्या. पुढे वाचलं तर मारायचा, आणि मागे गेलं तर पुसायचा. कोणत्याही बाजूला पाऊल टाकलं तरी पायाखाली तोच. त्या दिवशी त्यांनी पुस्तक बंद करून कानसेनच्या हातात दिलं आणि हातातलं खळखळणारं सगळं पुन्हा घातलं. आजवर बाईंनी एकही पुस्तक अर्ध्यावर टाकलं नव्हतं. त्याचाही तोरा त्या मिरवत असत. आता तो उतरला आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

एका पुस्तकात दोन वाचक चालत नाहीत, तेव्हा दुसरी बाई ते पहिल्यापासून वाचणार, आणि बाईंचे भाग काढून टाकणार असं ठरलं. काढून टाकायच्या आधी कानसेनने ते सगळे सुनेला पाठवले. ती ते पुन्हा पुन्हा ऐकायची. भांडी घासताना, केस विंचरताना. शाळेच्या इमारतीशी आलं की बंद करायची आणि पुन्हा माचिसपासून लावायची. बाई दुसऱ्या खोलीत जाऊन बसत. त्यांना वाटे, आपण एवढं केलं, आता वरच्याने आपलं ऐकायला हरकत नाही. आणि लगेच वाटे, सोडून काय होतंय? पुस्तकातला दारात थांबला म्हणून खरा थोडाच थांबलाय?

फोन आला तो भर सकाळी. सून न्हाणीघरात होती. नंबर अनोळखी होता. ही बातमी असेल, असंच त्यांना वाटलं. कानाशी न्यायला हात वर येईना, तो त्यांनी दुसऱ्या हाताने उचलला.

"हॅलो," पलीकडून कोणी म्हणालं. "आई का?"

"कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं. कार्यालयातला कोणी असावा. आता तो नाव विचारेल, मग नातं विचारेल, मग सांगेल.

"आई, मी आहे."

"मी कोण?"

"ढब्बू."

बाईंनी भिंत धरली. जिवंत आहे. लेक जिवंत आहे, बोलतोय! एवढा आनंद एकदम कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. "अरे माझ्या राजा," त्या म्हणाल्या, "सोन्या, कसा आहेस? लागलं नाही ना कुठे?"

"नाही. ठीक आहे. आम्ही मागे आलोय. सगळं ठीक आहे."

त्याने हे समोर लिहून ठेवलेलं असावं तसं म्हटलं. आधी हसू नाही. वाक्याचा शेवट जिथल्या तिथे तुटलेला. बाईंचे कान त्यांच्या मनाच्या आधी ऐकत, आयुष्यभर तेच काम केलेलं. या आवाजात काहीच नव्हतं.

सून ओल्या केसांनी धावत आली. तिने चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि हात पुढे केला. बाईंना क्षणभर फोन देऊ नये असं वाटलं. का ते त्यांना सांगता आलं नसतं. पण दिला.

"अरे," सून रडत हसत म्हणाली. "अरे, बोल ना. किती दिवस झाले..." मग ती ऐकू लागली. "हो... हो... बरं... हो." केसांतलं पाणी तिच्या खांद्यावर टपकत होतं. तिचं हसू हळूहळू जागच्या जागी वाळलं. तिने फोन हाताने झाकला आणि बाईंकडे पाहिलं. तिचे डोळे भीतीने मोठे झाले होते.

"आई," ती कुजबुजली, "हा तोच आहे ना?"

"तोच आहे," बाई म्हणाल्या.

"असा का बोलतोय मग?"

बाईंनी फोन घेतला, खुर्ची ओढून बसल्या आणि सुनेला शेजारी बसवून तिचा ओला हात आपल्या मांडीवर घेतला. त्यांच्या तोंडात तो दुसरा आवाज अजून तसाच होता, हसण्यासकट, ओठांवर येईल इतका जवळ. त्यांनी ओठ आवळले. तो गिळल्यावर त्या आपल्या आवाजात बोलल्या.

"जेवलास का रे?"

"हो."

बाईंनी तो "हो" सगळीकडून ऐकला. शेवटाशी काही नव्हतं.

"काय जेवलास?"

"जे होतं ते."

"थंडी आहे का तिकडे? पांघरूण आहे ना पुरेसं?"

"आहे."

बाई विचारत राहिल्या. झोप लागते का, पायात मोजे आहेत का, नखं कापलीस का. प्रत्येक वेळी त्या फोन कानाशी घट्ट दाबून उत्तराच्या टोकाशी थांबत, आणि टोकाशी काही नाही म्हटल्यावर घाबरून पुढचा प्रश्न शोधत.